मेलूसिना थिएटरची उरलेली भिंत

मी, हेर्मिने ओल्टमान्स, वय पंच्याहत्तर, पूर्वीची रंगमंचावरची गायिका, राहणार ब्रेमेन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्यांनी करत नाहीत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. भाच्याने आणून पाहिला, त्याचा समाचार खाली घेतला आहे. याआधीची माझी सगळी मृत्युपत्रं रद्द.

कलम पहिले : घर. माझ्या स्वयंपाकघराची मागची भिंत हीच मेलूसिना थिएटरच्या रंगमंचाची मागची भिंत होय. थिएटर म्हणजे मुळात बिअर पीत गाणी ऐकायचा हॉल. विनोदी गाणी, कसरती, एक शिव्या देणारा पोपट. पुढे ऑपेरेटा आले : गोड चालींची, शेवटी लग्न लागणारी नाटकं. युद्धात छप्पर उडालं, तरी आम्ही गायलो. त्या हिवाळ्यात लोक तिकिटाऐवजी कोळशाची वीट आणायचे आणि कोट घालून टाळ्या वाजवायचे. मग घरोघरी टीव्ही आला आणि आमचं दुकान बसलं. १९६४ साली थिएटर पाडलं. आज तिथे मोटारी उभ्या असतात. भिंत तेवढी वाचली, कारण ती माझी आहे. तिच्या पलीकडच्या अंगाला आमचं रंगवलेलं आकाश अजून आहे, फिकं झालंय एवढंच. नाटक पॅरिसमधलं असो की बुडापेस्टमधलं, आकाश हेच.

आता पार्किंगवाल्यांना भिंतीसकट घर हवं आहे.

कलम दुसरे : माझा भाचा फोल्कर यास बँकेतील सर्व शिल्लक, पियानो आणि माझे आशीर्वाद. घर नाही. कायद्याने त्याचा त्यावर हक्क पोचत नाही, हे मी वकिलाला विचारून ठेवलं आहे. पोरगा वाईट नाही. पण मागच्या रविवारी माझ्याच टेबलावर, माझाच केक खात म्हणाला, "आत्या, भिंतीला ओल आलीय गं. चांगला भाव येतोय तोवर विकून टाक आणि मजा कर."

"मजा त्या भिंतीपुढे करून झाली माझी," मी म्हटलं. "ओल तुझ्या अकलेला आलीय. गप केक खा."

खाल्ला. दोन तुकडे.

कलम तिसरे : थिएटर विकणारे मालक श्री. ब्रामर माझ्या मयतीला आल्यास त्यांना कॉफी द्यावी. केक देऊ नये.

कलम चौथे : वरील घर, भिंत आणि आकाश मी एल्फ्रीडे टीडेमान हिला देत आहे. वाचणाऱ्याने डोळे चोळू नयेत, बरोबर वाचलं आहे. या बाईशी मी सव्वीस वर्षं बोललेली नाही. समोरून आली तर मी रस्ता ओलांडते.

कारण नोंदवते. आम्हा रंगमंचवाल्यांत पहिल्या प्रयोगाआधी, तो रंगावा म्हणून, सोबत्याच्या डाव्या खांद्यावरून थू थू थू करतात. त्यावर उत्तर एकच : "बोंबलणारच आहे सगळं!" आभार मानायचे नाहीत. मानले की नाटक मेलंच. १९६१ साली या एल्फ्रीडेला, आमच्या थिएटरातल्या फ्रीडेला, पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली. मी थू थू थू केलं, आणि ही बया डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आभारी आहे गं, हेर्मिने." विंगेत सगळ्यांचे चेहरे पडले. नाटक आपटलं आणि त्या मोसमानंतर पडदा पुन्हा उघडला नाही. मी तिला म्हटलं, "थिएटर तू मारलंस." ते आजही मागे घेत नाही.

पण पाडायला यंत्र आलं, त्या दिवशी आमचे सगळे कलावंत नुकसानभरपाई घेऊन घरी बसले होते. मी खिडकीतून पाहिलं : फ्रीडे एकटी, चांगला कोट घालून, यंत्रापुढे खुर्ची टाकून बसलेली. पोलिसांनी खुर्चीसकट उचलेपर्यंत हलली नाही. माझी ही भिंत सांभाळायला तेवढीच एक हट्टी बाई मला माहीत आहे. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, हाडाची टणक. तिने भिंत विकू नये, पाडू देऊ नये, आणि स्वतः जाण्याआधी आपल्यासारखीच कोणीतरी शोधावी.

कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. पण प्रेक्षकांशिवाय प्रयोग मला जमत नाही. म्हणून औषधाच्या दुकानातल्या श्री. हारम्स यांना आणि फ्रीडेला बोलावलं आहे. सही करण्याआधी ती हे सगळं वाचणार, नाकावर चष्मा चढवून, मी तिला ओळखते.

फ्रीडे, थू थू थू.

ब्रेमेन, ३ मार्च १९८७
हेर्मिने ओल्टमान्स

साक्षीदार :
१. गेर्ड हारम्स, औषधविक्रेता
२. एल्फ्रीडे टीडेमान. वाचलं. बोंबलणारच आहे सगळं!