बाराच्या वर

शुक्रवार, ५ ऑक्टोबर २०१८
झाली एकदाची बाबांची हवेची रायफल लावून! चार दिवस त्या दोन आकड्यांशी झटापट — हवेच्या झडपेला व्होल्ट किती आणि ती किती वेळ उघडी. शेवटी बासष्ट आणि एकेचाळीसवर बसली. छर्ऱ्याचा जोर ११.७ फूट-पौंड. कायद्याची हद्द बारा. त्याच्या वर गेली की परवाना लागतो, नसेल तर थेट तुरुंग. म्हणून कुणाचीही मी ११.७ च्या पुढे नेत नाही. रायफली लावून देण्यावरच माझं घर चालतं.
बाबांचे हात फार थरथरतात, जुना चाप ओढवेना. हा विजेचा, नुसतं बोट टेकवलं की सुटतो. "ग्वेंडा, ही बंदूक आहे की दारावरची बेल?" पण खूश होते.

गुरुवार, ११ ऑक्टोबर
बाबा अठ्ठ्याहत्तर! केक, चहा. मी जड छर्ऱ्यांचे पाच डबे दिले — आमच्या टेकडीवरच्या वाऱ्यात हलके छर्रे भरकटतात. "आता रविवारी क्लिफर्डची जिरवतो!" म्हणाले. क्लिफर्ड आमच्या नेमबाजी क्लबचा सेक्रेटरी. चाळीस वर्षं दोघांची दोस्तीही आणि खुन्नसही.

रविवार, १४ ऑक्टोबर
सुचत नाहीये काही.
क्लबात वेगमापकावर, म्हणजे छर्ऱ्याच्या वेगावरून जोर सांगणाऱ्या यंत्रावर, मीच असते. दर सामन्यात चिठ्ठी काढून एकाची रायफल तपासायची. आज चिठ्ठी बाबांची निघाली. छर्ऱ्याचं वजन क्लिफर्डनं यंत्रात भरलं, बार मी काढले. १२.३. पुन्हा — १२.२. पुन्हा — १२.३! 
"होरेस, आकड्यांना हात कुणी लावला?" क्लिफर्डनं विचारलं.
बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मीच. म्हटलं, जरा जोर वाढवू."
क्लिफर्डनं पोलिसांना कळवलं नाही, पण चाळीस वर्षांचं सभासदत्व पाच मिनिटांत गेलं.
गाडीत मी नाही नाही ते बोलले. "म्हातारचळ लागलाय तुम्हाला! लोक म्हणतील हिनंच केलं — मग कोण देईल मला बंदूक लावायला?" ते खिडकीबाहेर बघत बसले. "चुकलं गं," एवढंच.

मंगळवार, १६ ऑक्टोबर
बोलणं बंद. मटण शिजवून त्यांच्या दारात ठेवून आले. बेल वाजवली नाही.

शनिवार, २० ऑक्टोबर
त्यांच्या रायफलीचा जोर परत खाली आणायला घेतला. तिच्यावरचा आकड्यांचा छोटा स्क्रीन उघडला. बासष्ट. एकेचाळीस.
वहीशी ताडून पाहिलं. एक आकडा हललेला नाही!
मग कामाच्या बाकावरच्या हलक्या छर्ऱ्यांच्या डब्याकडे लक्ष गेलं. रायफल मी ह्या हलक्या छर्ऱ्यांवर लावली — आणि भेट दिले जड! जड छर्रा घातला की जोर चढतो. नवशिक्यांना हे मीच शिकवते. मी! नवे छर्रे दिले आणि पुन्हा लावून द्यायची विसरले. मूर्ख, मूर्ख बाई.
आणि आकडे बदलायच्या त्या बारीक बटणांवर बाबांचं बोट ठरतं तरी का? हेही मला सुचू नये!
बाबांकडे धावत गेले. ते अजून चहा पीत होते.
"तुम्हाला माहीत होतं?"
"तू वेगमापकावर पांढरीफटक पडलीस, तेव्हाच."
"मग का?"
"तुझं पोट आहे ह्या कामावर. माझे हात कितीसे टिकणार होते?"
मी रडले. म्हटलं, उद्या क्लिफर्डला सगळं सांगणार, माझं काय व्हायचं ते होवो.
"सांग की," म्हणाले आणि हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

रविवार, २१ ऑक्टोबर
क्लिफर्डला सगळं सांगितलं. वही दाखवली, दोन्ही डबे दाखवले. त्यानं शांतपणे ऐकलं आणि खणातून एक पत्र काढलं. बाबांचं, वेडंवाकडं अक्षर, सामन्याच्या दुसऱ्या दिवशीची, सोमवारची तारीख. 'ग्वेंडा येईल. दोष स्वतःवर घेईल, वहीसुद्धा दाखवेल. पोरगी मला वाचवायला खोटं बोलेल. ऐकू नकोस.'
क्लिफर्डनं माझी वही मिटून माझ्या हातात दिली. "गुणाची आहेस गं," म्हणाला.