शंभरपैकी शंभर

सोमवार, ३ नोव्हेंबर

चौथीच्या वर्गातला कवितेचा तास आज कानात घुमला. सगळी पोरं एका चालीत, माना डोलवत, आणि भिंतीकडचा एखादा बेसूर गडी सगळ्यांच्या पुढे धावत सुटलेला! निगडीच्या या सोसायटीत टेम्पोतून माझी कवितांची पुस्तकं उतरवत होतो, तेवढ्यात खालच्या हॉलमधून पुरुषांच्या गाण्याचा आवाज आला, म्हणून ते आठवलं.

लेक तेजस्विनी चाकणच्या कंपनीत आहे, शिफ्टची नोकरी. तिनंच हट्ट धरला की नाना, गावात एकटे बसून भिंतींना कविता किती दिवस म्हणून दाखवणार? आलो. घर छान आहे. गॅलरीला कडुनिंबाची फांदी टेकते.

सामान तसंच टाकून हॉलमध्ये डोकावलो. साहेबराव म्हणून एक गृहस्थ ज्येष्ठांचा कराओके क्लब चालवतात. मूळ निगडी गावचेच, सोसायटी उभी आहे ती त्यांच्याच शेतावर. त्यांनी दंडाला धरून आत नेलं. म्हणाले, मास्तर हाय व्हय तुमी? मग झ्याक झालं, आमच्यात सगळी अंगठेबहाद्दर. पडद्यावर शब्द उमटतात, मागे वाद्यं वाजतात आणि गाणं संपलं की यंत्र शंभरपैकी गुण देतं. चक्क निकाल! मी पोरासारखा खूश झालो.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मला काम मिळालं. तेवीस तारखेला आमच्याच हॉलमध्ये शहरातल्या क्लबांची स्पर्धा आहे. परीक्षक हेच यंत्र. साहेबराव म्हणाले, मास्तर, औंदा जितायचंच हाय, गाणी तुमी निवडा.

अभ्यास केला. चूक लगेच सापडली. प्रत्येक जण तरुणपणी आवडलेलं गाणं घेतो आणि तिथेच फसतो. मूळ गाणारा पंचविशीचा, चढ्या गळ्याचा. आमचे गळे आता खाली बसलेत. अंतरा वर चढला की कपाळाची शीर फुगते आणि गुण कोसळतात. म्हणून संथ गाणी घ्यायची. चढउतार थोडा, स्वर लांब, ओळींमध्ये श्वासाला जागा. आलाप असेल तर गाणं बाद. पट्टी दोन घरं खाली. आणि मुरक्या, हरकती बंद, कारण पडद्यावर शब्दांखाली सुराची रेघ सरकते, तिच्यावरून आवाज जरा हलला की यंत्र गुण कापतं. बस डेपोतून निवृत्त झालेल्या भीमराजना एका नावाड्याचं गाणं असं बसवून दिलं. चाळीस गुणांवर रखडलेला माणूस थेट ब्याऐंशीवर!

एक गोष्ट मात्र खुपली. गंमत म्हणून मी शब्द गाळून नुसतं ना-ना-ना गायलो, तर गुण वाढले. शब्दांना इथे शून्य किंमत. एकेका शब्दावर जीव टाकायला मी पोरांना जन्मभर शिकवलं. घरी येताना जिन्यातच संताप आला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

काळेवाडीहून ज्योतीराम येतात. मूळचे धाराशिवकडचे, कंपनीत लेथ यंत्रावर टर्नर म्हणून जन्म घालवलेले. आज त्यांनी चांदण्याचं एक गाणं म्हटलं. आवाज खरखरीत. प्रत्येक ओळ किंचित उशिरा येते, उंबऱ्यात चपला काढून आत आल्यासारखी, आणि ओळीच्या शेवटी एक इवलीशी मुरकी. माझे डोळे भरले. यंत्रानं दिले एकतीस. मंडळी हसली. कुणी म्हणालं, भावा, लेथ चालू ठेवूनच गातोस काय? ज्योतीरामही हसले. मी मात्र पेटलो.

संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला गेलो. साखरेच्या दुखण्यात पत्नीचे, कुसुमताईंचे, डोळे गेलेत. हे गल्लीच्या तोंडापासून गुणगुणत दाराशी आले, ओळ संपली, तशी आतून कडी निघाली. शेवटची मुरकी ऐकल्याशिवाय ती कुणालाच दार उघडत नाही. मला म्हणाली, मास्तर, दिसत होतं तवा हे काही एवढे देखणे नव्हते, आता आवाजावर संसार बरा चाललाय.

या माणसाला एकतीस? मी ठरवलं. याला शंभर मिळवून देणार.

शनिवार, १५ नोव्हेंबर

भीमराजना आज शंभर मिळाले, साहेबरावांनाही. टाळ्या, पेढे. भीमराजचा आवाज गुळगुळीत वाटला. त्यांचा नातू फोनवर विचारत होता म्हणे, कोण बोलतंय? सगळे हसले. मीही. मी डोळे मिटून बसलो होतो आणि भीमराज बोलताहेत की साहेबराव हे मला कळलं नाही. वय झालं, कान गेले असतील.

ज्योतीरामचे गुण अजून साठीतच. मी त्यांच्या खांद्यावर ताल धरून बसलो. मागे पडलात! मुरकी तोडा! ते काकुळतीला येऊन म्हणाले, मास्तर, मुरकी तोडली तर गाणं उघडं पडतंय की. मी त्यांच्यावर ओरडलो. वर्गात ओरडायचो तसा. उद्याही बोलावलंय.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

शंभर! पडद्यावरच्या रेघेवरून आवाज केसभर हलला नाही.

मी मिठी मारायला धावलो. ज्योतीराम म्हणाले, धन्यवाद मास्तर, गाण्याची निवड उत्तम होती.

भीमराजच्या आवाजात. साहेबरावांच्या आवाजात. तो एकच आवाज आहे. स्वच्छ, सपाट, कुणाचाच नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

कुसुमताईनं काल दार उघडलं नाही. आतून ओरडत राहिली की कुणी परका ह्यांचं नाव सांगतोय, पोलिसाला बोलवा. ज्योतीराम पायरीवर बसून होते. शेवटी शेजारणीनं मागच्या दारानं आत जाऊन कडी काढली. कुसुमताईनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, चेहरा ह्यांचाच हाय, माणूस दुसराच.

मी जाऊन विनवलं, पूर्वीसारखी एक ओळ म्हणा. म्हणाले नाहीत असं नाही. म्हटली. वेळेवर सुरू झाली, वेळेवर संपली. कुसुमताई कान झाकून घेऊन रडली.

आणि ज्योतीरामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आत कुठेतरी ते आहेत. फक्त बाहेर यायची वाट —

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

साहेबरावांच्या अंगावर धावून गेलो. यंत्र बंद करा, स्पर्धा रद्द करा! त्यांनी शांतपणे सांगितलं की स्पर्धा ठरल्याप्रमाणे रविवारी होईल, आपण निश्चिंत राहावं. हाय नाही, व्हय नाही. सात पिढ्यांची बोली जिभेवरून पुसून टाकली आहे त्या डबड्यानं!

चोर आहे ते. शंभर गुणांची पावती देतं आणि माणूस काढून घेतं. आणि वाट मोकळी करून दिली मी. हरकती मी छाटल्या. श्वास मी मोजून दिले. एकेकाला सोलून त्याच्यापुढे ठेवलं. आता मीच जाणार. त्याचे गुण त्याच्याच तोंडावर फेकणार.

रविवार, २३ नोव्हेंबर

गायलो. चांदण्याचंच गाणं, ज्योतीरामसारखं. प्रत्येक ओळ उशिरा. प्रत्येक ओळीला मुरकी. रेघ एकीकडे, मी एकीकडे. शब्द चावून चावून म्हटले, शिव्या द्याव्यात तसे.

गुण — शून्य.

सगळा हॉल हसला. एकाच आवाजात, एकाच वेळी थांबला. पडदा काळा पडला, पुन्हा लागला नाही. हरवलं त्याला!

कुणाशी बोललो नाही. घसा जड झालाय. ज्योतीरामचा आवाज परत आला का, उद्या काळेवाडीला जाऊन बघतो.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी तेजस्विनीचा कंपनीतून फोन. मी बोललो. ती म्हणाली, काका, नानांना फोन द्या ना.

आरशासमोर शाळेतली कविता म्हणून पाहिली. ओळ उशिरा येते. खरखरीत. शेवटी — मुरकी. मी घेत नाही, ती येते.

ज्योतीरामचा आवाज माझ्या गळ्यात आहे. आणि माझा? मला आठवत नाही तो कसा होता. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा, एवढंच.

त्यांना परत कसा देऊ? ज्योतीरामना फोन लावला. पलीकडून सपाट आवाज आला, आपण कोण बोलता? काय सांगू —

दुपार

बेल.

मी आतूनच विचारलं, कोण?

बाहेर काठी आपटली. बाईचा आवाज. मास्तर, माझा माणूस परत द्या, म्हणता म्हणता माझा प्रश्न कानी पडला आणि ती मधेच थांबली. कुसुमताई. काळेवाडीहून एकटी! रिक्षावाल्याला विचारत विचारत.

आता हळू बोलतेय. अहो, तुमी इथं व्हय? किती हुडकलं तुमाला. चला घरी.

खरं सांगायला हवं. पण सांगणार कुठल्या तोंडानं, खरं बोललो तरी ते त्यांच्याच —

हसतेय ती. दारावरून हात फिरवतेय. म्हणतेय, ती शेवटची ओळ म्हणा ना, मग पटंल मला.

दात घट्ट मिटलेत. एक हात तोंडावर. तरी गळ्यातून वर येतेय, उशिरा, संथ, ती