पंप चालवायचा कागद

चिमीच्या आईस,

पंप कसा चालू करावा, हे एका पानावर इंग्रजीत लिहायला मला अकरा रविवार, एक नवा चष्मा आणि होती नव्हती तेवढी ऐट लागली. पण साहेबांनी सक्तीची केलेली परीक्षा पास झालो. नोकरी टिकली, आता नीट झोप.

तुला म्हणालो होतो ना, माझ्याशिवाय इथला पंप हलत नाही? परीक्षेची रीत अशी: आपला कागद दुसऱ्याच्या हातात द्यायचा, त्याने लिहिलंय तेवढंच करायचं आणि आपण तोंडाला कुलूप लावून बसायचं. रविवारच्या इंग्रजी वर्गाच्या बाईंनी माझा कागद आमच्याच वर्गातल्या झाडूवाल्या मावशींना दिला. पहिल्या खेपेला मी शब्दकोशातले जाडजूड शब्द घातले आणि पाण्याचा कॉक उघडा, हे लिहायचंच राहिलं. तो कॉक तर माझा हात आपोआप उघडतो!

मावशी म्हणाल्या, "कागद झकास आहे हो, पण पाणी कुठाय?"

मग तू फोनवर कुकर लावायला शिकवलंस ते आठवलं. "आधी पाणी घाला. हसू नका, घाला." तसंच लिहिलं, एका ओळीत एकच काम. काल मावशींच्या हातून पंप पहिल्याच झटक्यात चालला.

तुझा गुडघा खरंच बरा आहे, की मला बरं वाटावं म्हणून सांगतेस?

तुझाच,
चिमीचे बाबा

ता. क. कागद पंपाशेजारी चिकटवलाय. आज मी पोचायच्या आधीच मावशींनी पंप चालू केला होता.