देवळीतला कप

मु. वरची वाडी, ता. वेल्हे
२२ मे २०२५

श्री. सोमनाथ यांस,
नमस्कार.

पाकिटावर स्नेहलचं नाव नाही, तुमचं आहे. चुकून आलं असं समजून तिच्याकडे देऊ नका. लेकीच्या नवऱ्याला आशीर्वाद लिहायची रीत आहे हे मला ठाऊक आहे. पण ज्याला दीड वर्षात एक ओळ लिहिली नाही, त्याला एकदम आशीर्वाद द्यायला हात धजेना, म्हणून नमस्कारावर भागवलंय.

गेल्या आठवड्यातलं वादळ तुमच्या कापूरहोळला झालं का? गॅरेजचे पत्रे शाबूत असतील अशी आशा करते. इथे अर्ध्या तासात सगळं उरकलं. पडवीवरचे दोन पत्रे शेजारच्या कोंडिबाच्या भातखाचरात जाऊन पडले, दारचा रायवळ आंबा मुळासकट आडवा झाला आणि स्वयंपाकघरातली फळी भिंतीतून सुटून माझ्या सगळ्या कपबश्यांचा चुरा झाला. मी खाटेखाली बसले होते हे स्नेहलला सांगू नका, हसेल. हसणार असेल तर सांगा.

सकाळी माझी मित्रमंडळी आली. अंगणवाडीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी माझ्या हाताखालून गेलेली पोरं मला सोडत नाहीत. सगळ्यात मोठा सार्थक, तो अकरा वर्षांचा. पाच जणांनी मिळून पत्रे ओढत आणले, कैऱ्या गोळा केल्या, अंगणातल्या फांद्या उचलल्या. मी म्हटलं, "चला, चहा पाजते." तर सार्थक म्हणतो, "बाई, पार्टीच करा की. वादळाची पार्टी."

मग काय, पार्टी! दूधवाला आलाच नव्हता, म्हणून गवती चहा आणि गूळ घालून कोरा चहा केला. सोबत डब्यातले मऊ पडलेले टोस्ट आणि तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी. स्टीलचे पेले पाच निघाले. पाच पोरं आणि सहावी मी.

"थांबा बाई," म्हणत प्रांजल पडवीत धावली आणि देवळीतला कप घेऊन आली. निळ्या काठाचा. पडवीचं छप्पर उडालं, पण भिंतीतल्या त्या कोनाड्यातल्या कपाला ओरखडासुद्धा नव्हता.

"ह्यो एकलाच वाचलाय बघा. ह्यो मला!"

आणि मी ओरडले, "ठेव तो! त्यातून प्यायचं न्हाई!"

पोरगी दचकली. "का? कुणाचा हाय?"

"पाव्हण्यांचा."

"मग पाव्हण्यांचा भायेर का ठिवलाय?"

इथवर लिहून मी काल पत्र बाजूला ठेवलं होतं. आज पुढचं लिहिते.

तो कप माझ्या सासूबाईंनी ठेवलेला. ज्यांचं शिवलेलं आमच्या घरात चालत नसे त्यांच्यासाठी, म्हणजे तुमच्या लोकांसाठी. सासूबाई गेल्या, कप राहिला. मी काही अडाणी नव्हे. तीस वर्षं अंगणवाडीत सगळ्या घरची पोरं एका रांगेत जेवायला बसवली. कुणाच्या आईबापांनी कुरकुर केली तर त्यांच्या दारात जाऊन सुनावलं. संध्याकाळी घरी आले की पडवीत तो कप दिसायचा आणि मला त्यात काहीच वावगं वाटत नसे. ती नोकरी आणि हे घर, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

लग्न करून तुम्ही दोघं पहिल्यांदा आलात ती दिवाळी. स्नेहल आत फराळाचं ताट भरत होती, तुम्ही पडवीत बसला होतात. मी तुम्हाला त्या कपात चहा दिला. विसरून नाही, समजून-उमजून दिला. तुम्ही तो संपवलात, रांजणापाशी जाऊन कप विसळलात आणि देवळीत पालथा घातलात. ती जागा तुम्हाला कोणी दाखवली नव्हती. मग म्हणालात, "चहा छान झाला होता, आई." स्नेहल ताट घेऊन दारात उभी होती. तिनं ताट खाली ठेवलं, आणि तेव्हापासून ती इथे आलेली नाही.

तुम्ही भांडला असतात तर मीही भांडले असते. भांडायला मी कुणाला हार जात नाही. पण तुम्ही कप धुऊन ठेवलात, त्यावर काय बोलावं ते मला आजवर सुचलेलं नाही.

प्रांजल माझ्याकडे बघत होती. स्नेहलचं त्या दिवशीचं तोंड अगदी तसंच होतं. मी तिच्या हातात पेला दिला, कप माझ्याकडे घेतला आणि त्यात चहा ओतला. खरं सांगते, ओठाला लावताना अंगावर काटा आला. साठी उलटली तरी अंगातलं जात नाही. तरी प्यायले.

"कसा लागतोय?" तिनं विचारलं.

"चहासारखाच की गं."

पोरं हसली. मला रडू आलं, ते मी चुलीच्या धुरावर ढकललं. मग त्यांना कपाचं खरं काय ते सांगून टाकलं. प्रांजल एवढंच म्हणाली, "पण बाई, तुमी तर आमाला समद्यांना एका रांगंत बसवायच्या." सार्थक कप फोडायला निघाला होता, मी फोडू दिला नाही. तो फुटला की मी सुटले, आणि इतक्यात सुटायचं नाही.

मी तुमची माफी मागते. स्नेहल लेक आहे, ती कधीतरी माफ करेलही, पण कप तिच्या हातात दिला नव्हता. म्हणून हे पत्र तुम्हाला. माफ करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्हा दोघांना या घरात पुन्हा बघावं एवढीच आता इच्छा आहे. आलात तर पडवीत थांबू नका, सरळ आत चुलीपाशी या. भोरहून सहा नवे कप आणलेत, त्यातला कुठलाही घ्या. निळ्या काठाचा मात्र मागू नका. तो आता माझा आहे, मी रोज त्यातूनच पिते.

त्या दिवशी तुम्ही मला हाक मारलीत आणि मी ओ दिली नाही. आज देते.

अनेक आशीर्वाद.

तुमची,
आई