व्हर्जिलच्या जागी

३ एप्रिल १९६२
आजपासून पक्कं. व्हर्जिलचा विचार बंद.
चॅट्सवर्थला शूटिंगच्या कड्यावरून पडायचा शॉट माझा होता, हे खरं. पण माझे गुडघे दुखत होते. (फारसे नाही. पण दुखले असते.) माझी टोपी घालून व्हर्जिल आपणहून चढला, आणि पडला तो उठलाच नाही. मी फक्त नको म्हणालो नाही. अकरा वर्षांच्या मैत्रीत एवढं चालतं.

५ एप्रिल
निर्माते हॅलोरनसाहेबांनी आमच्या काउबॉय मालिकेतला व्हर्जिलचा रोल, शेरीफच्या मदतनिसाचा, म्हणजे डेप्युटीचा, मला दिला! आजवर टीव्हीवर एकोणसाठ वेळा मेलो. कधी गोळी, कधी फास, एकदा साप. आता रोज शेरीफशेजारी उभा राहणार, तेही जिवंत. पुढची पायरी शेरीफच.
कोट व्हर्जिलचाच मिळाला. अगदी मापात बसला. याचा अर्थ काढत बसायचं नाही.

११ एप्रिल, दुपारी
व्हर्जिलचा घोडा मला बसू देत नाही. घोडे सांभाळणारा क्लाइड म्हणाला, "एमेट, अरे तो तुझ्यामागे कुणाला तरी बघतोय."
घोडे मूर्ख असतात, असं त्याला सुनावलं. मग मागे वळून पाहिलं. मान आखडली होती म्हणून.

१२ एप्रिल
माझं एकच वाक्य: "शेरीफ, वर कुणीतरी आहे." नऊ टेक झाले. दरवेळी कड्याकडे पाहिलं की खरंच कुणीतरी असायचं. माझी टोपी घालून.
डायरेक्टर ओरडला, "घाबरायचं नाहीये रे बाबा, नुसतं सांगायचंय!"
मोठ्या नटांना जास्त टेक लागतातच.

२० एप्रिल
हॅलोरनसाहेबांनी बोलावलं. शेरीफचंच असणार म्हणून नवा टाय लावून गेलो. चाचणीच्या खेळाला बोलावलेल्या प्रेक्षकांची पत्रं आलीत म्हणे, डेप्युटी सारखा मागे का बघतो? सोमवारी मला मारणार आहेत. तेही पडद्याबाहेर, कुणीतरी धावत येऊन सांगेल.
माझं मरण बघणं लोकांना झेपणार नाही, असं त्यांना वाटलं असणार.

२९ एप्रिल, रविवार
अखेर एड्नाकडे गेलो. व्हर्जिलची बायको. सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. तिने पीचचं सारण भरलेला गोड पाय ताटलीत पुढे ठेवला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "त्या सकाळी व्हर्जिल मला सांगून गेला होता. म्हणाला, एमेट हल्ली उंचीला घाबरतो गं, बिचारा कुणाला बोलत नाही. आज त्याच्याऐवजी मीच पडतो."
म्हणजे त्याला ठाऊक होतं.
ताटलीतला तुकडा संपवला. एड्नाने विचारलं, "सध्या काय चाललंय तुझं?"
मी म्हणालो, मुख्य भूमिकेची बोलणी चालू आहेत.
तिने पायचा आणखी एक तुकडा माझ्या ताटलीत वाढला. म्हणाली, "छान. फार उंचावरून पडायचं नाही ना त्यात?"