यांचं ‘बरं’

३ ऑक्टोबर

पुन्हा तेच! लेकीच्या या परमुलखातल्या डॉक्टरांनी त्यांच्या भाषेत विचारलं, टॅबलेटने ते मराठीत विचारलं — "आपण शस्त्रक्रियेस तयार आहात का?" — स्टेशनवर घोषणा करणाऱ्या बाईच्या आवाजात. हे म्हणाले, "बरं." मेंदूचा झटका आल्यापासून यांच्यापाशी एवढा एकच शब्द उरलाय. समजतं सगळं, पण तोंडातून हेच येतं. टॅबलेटने डॉक्टरांना होकार कळवला. डॉक्टर खूश.

होकार कसला, कपाळ! इतकी वर्षं ऐकतेय मी यांचं बरं. भाजी आवडली नाही तरी बरं. माझ्या भावाने तासभर डोकं खाल्लं तरी बरं. प्रत्येक वेळी चाल वेगळी. आजचं शेवटाला वर गेलं. ते ‘नको’ होतं. मला कळत नाही होय?

४ ऑक्टोबर

लेकीशी वाजलं. "आई, बाबा हो म्हणतायत. तुलाच नकोय." मानेतली नस तुंबलीय. ऑपरेशन केलं नाही तर दुसरा झटका कधीही येईल. आणि टेबलावरच काही झालं तर? ते कुणी बोलायचं नाही!

५ ऑक्टोबर

डॉक्टरांना ठणकावून सांगितलं — हे नको म्हणतायत. ऑपरेशन थांबवलं. लेक बोलत नाही माझ्याशी. हे माझ्याकडे बघून परत "बरं". तसंच, वर जाणारं. ऑपरेशन तर थांबलं, मग आता कशाला नको?

७ ऑक्टोबर

यांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी बोलावलं होतं. त्यांना मराठीचं ओ की ठो कळत नाही. यांचे बरेचसे ‘बरं’ त्यांनी रेकॉर्ड केले होते आणि मशीनवर शब्द पुसून टाकला होता. उरला नुसता हुंकार, भिंतीपलीकडे कुणी बोलत असावं तसा. टॅबलेटमधून म्हणाल्या, "कुठला कधीचा ते सांगणार नाही. तुम्ही अर्थ सांगा."

पहिला — वैतागलेत, सुई टोचली असणार. दुसरा — चहा मिळाला वाटतं. तिसऱ्याला मला हसूच आलं. "हा तर मला विचारतात तो! मी तापाने पडले की दारात उभं राहून — बरं? म्हणजे, तुझं बरं आहे ना?"

बाईंनी यादी पाहिली. मग टॅबलेट म्हणाला, "हा ऑपरेशनच्या प्रश्नानंतरचा आहे."

तेव्हा मी पलंगाशी उभी होते. हे डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघत होते! हो नाही, नको नाही. माझं कसं होईल, एवढंच विचारत होते. आणि मी त्याचं ‘नको’ करून मोकळी झाले, कारण मला भीती वाटत होती. जिन्यात बसून रडले.

८ ऑक्टोबर

टॅबलेट बंद करायला लावला. यांचा हात धरून म्हटलं, "काही झालंच तर मी राहीन एकटी. बँक, बिलं, सगळं जमतं मला. तुम्ही निश्चिंत मनाने जाऊन या."

सगळं खोटं! पण आवाज हलू दिला नाही.

"बरं," म्हणाले. खाली उतरलं आणि थांबलं.

उद्या सकाळी ऑपरेशनला नेतायत.