गुरं हाकणाऱ्यांच्या मुक्कामावरून

ती. आबांच्या पायांवर डोकं ठेवतो.

परवा माझा फोन का लागत नव्हता, ते आईला सांगू नका. इथे परदेशात एका उजाड माळावर आमची गाडी तापून बंद पडली होती. मित्र अवधूत मदत शोधायला पायी निघाला होता, मी त्याला धरून बसवलं. शेवटी एक म्हातारा जीपवाला आला आणि आम्हाला जवळच्या ओसाड गावात घेऊन गेला. पूर्वी गुरं हाकत नेणारे तिथे मुक्काम करायचे. गाडीही त्यानेच दुरुस्त केली.

"बाप काय करतो, मेट?" त्याने मला विचारलं. इथे मित्राला 'मेट' म्हणतात.

"मेंढरं घेऊन फिरतो. पायी."

"अजून?" त्याने चक्क टोपी काढली.

आता मी सुखरूप आहे. रेंज आली तेव्हा आईचे मिस्ड कॉल संपता संपेनात. आबा, तुम्हीही घाट उतरलात की तिला लगेच फोन करत जा.

तुमचा,
मायाप्पा